मॉरिशसमध्ये इतके समाज, मग देश नेमका कोणाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे हनिमून पॅकेज आणि निळं पाणी, एवढंच बहुतेकांना आठवतं. पण साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेला हा देश आपल्या ओळखीचा प्रश्न कसा सोडवतो, कुठे सोडवतो आणि कुठे अडकतो, हे मराठी माणसाने बघण्यासारखं आहे, कारण त्या गोष्टीत आपलेही लोक आहेत. मला या विषयाबद्दल खरंच आपुलकी आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

मॉरिशसचे मूळ रहिवासी कोण?

कोणीच नाही. बेटावर माणूसच नव्हता. 17व्या शतकात डच येऊन राहिले, 1710 मध्ये निघून गेले, मग 1715 मध्ये फ्रेंच आले आणि 1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट त्यांच्याकडून घेतलं. फ्रेंचांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले, पाँडिचेरीकडून तमिळ कारागीर आणले, पुढे ब्रिटिशांच्या काळात भारतातून गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले, मजूर आले आणि चीनमधून व्यापारी आले. म्हणजे आम्हीच इथले भूमिपुत्र असं छाती ठोकून म्हणायची सोय तिथे कोणालाच नाही. पण त्यामुळे भांडण संपलं असं नाही, आधी कोण आलं आणि घाम कोणाचा जास्त गाळला गेला यावर ते येऊन थांबलं.

भारतातून किती लोक गेले?

1834 पासून पुढच्या साधारण 80-90 वर्षांत साडेचार लाखांच्या वर. जास्तीत जास्त लोक कलकत्ता बंदरातून गेले म्हणजे बिहार, पूर्व उत्तर प्रदेश या भागातले, त्या खालोखाल मद्रासहून, आणि सगळ्यात कमी आपल्या मुंबईहून. सगळे राहिले नाहीत, बरेच परत आले किंवा पुढे दुसरीकडे गेले. जे राहिले त्यांनी ऊस लावला, तोडला, पोट मारून पैसे साठवून जमिनीचे तुकडे घेतले, आणि 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांच्याच वंशातले शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान झाले.

मग तिथले मराठी लोक कुठले?

मुख्यतः कोकणातले, रत्नागिरीकडचे, आणि काही साताऱ्याकडचे. पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि आसपास त्यांच्या वस्त्या झाल्या. कास्काव्हेल नावाच्या गावात एका मराठी घरात 1896 पासून गणपती बसतोय असं तिथे सांगतात, आणि आज गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सरकारी सुट्टी असते. आपल्या कोकणातली जाखडी त्यांनी तिकडे जपली, ते तिला झाकरी म्हणतात, ढोलकीच्या तालावर गोल धरून नाचतात आणि देवाची गाणी म्हणतात, आणि त्यातल्या कित्येकांना गाण्यातल्या प्रत्येक ओळीचा अर्थ सांगता येत नाही पण चाल चुकत नाही. 2023 मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तिथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांमुळे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की तिथे मराठी समाज आहे. तो समाज तर पाच-सहा पिढ्यांपासून आहे.

ते घरात मराठी बोलतात का?

नाही, जवळपास कोणीच नाही. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचवर आधारलेली तिथली भाषा बोलतात, बाकी सगळ्यांसारखं. मराठी शाळेत शिकतात, मंदिरात ऐकतात, आरतीला म्हणतात.

एकाच देशात किती भाषा चालतात मग?

रोजचं बोलणं क्रिओलमध्ये, पेपर वाचायचा फ्रेंचमध्ये, शाळेची पुस्तकं आणि सरकारी कागद इंग्रजीत, आणि पूर्वजांची भाषा म्हणून हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी यातली एक. 2011 च्या जनगणनेत घरात क्रिओल बोलणारे 86 टक्क्यांच्या वर होते. भोजपुरी 2000 मध्ये 12 टक्के होती ती 2011 मध्ये 5 टक्क्यांवर आली. देशाचं राष्ट्रगीत मात्र इंग्रजीत आहे, जी भाषा घरात बोलणारे लोक तिथे शोधावे लागतील.

राज्यघटनेत चार समाज लिहिलेत हे खरं का?

खरं आहे. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि चौथा म्हणजे जनरल पॉप्युलेशन. आता हा चौथा गट नीट बघा. पहिल्या तीन समाजांची नावं आहेत, आणि घटना सांगते की ज्याच्या राहण्या-वागण्यावरून तो या तिघांपैकी वाटत नाही त्याला चौथ्यात धरावं. म्हणजे गुलामांचे वंशज असलेले क्रिओल लोक आणि त्या गुलामांच्या मालकांचे वंशज असलेले गोरे फ्रेंच-मॉरिशियन, दोघं एकाच रकान्यात. ज्यांना स्वतःचं नावसुद्धा मिळालं नाही असे लाखो लोक त्यात आहेत. माझ्या मते तिथल्या सगळ्या सांस्कृतिक प्रश्नांची गाठ इथेच आहे, पुढची बरीच उत्तरं याच्याकडेच परत येतात.

आणि आपले मराठी लोक त्यात कुठे?

घटनेपुरते हिंदू. पण सांस्कृतिक खात्याकडे गेलात की मराठी वेगळे, तमिळ वेगळे, तेलुगू वेगळे, तिघांची सांस्कृतिक केंद्रं वेगळी. जनगणनेत तर धर्माच्या यादीत लोक मराठी असं लिहितात आणि ते तसंच मोजलंही जातं. आपल्याला इथे बसून हे विचित्र वाटेल पण तिथे ते अगदी समजून-उमजून केलं जातं, कारण मोजले गेलात तरच दिसता, आणि नुसतं हिंदू लिहिलं की उत्तर भारतीय हिंदूंच्या मोठ्या संख्येत लहान समाज विरघळून जाईल अशी भीती आहे.

बेस्ट लूजर सिस्टीम काय प्रकार आहे?

संसदेत 62 जण थेट निवडून येतात. त्यानंतर ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्याच्या हरलेल्या उमेदवारांपैकी जास्त मतं घेतलेल्यांना आणखी जास्तीत जास्त 8 जागा दिल्या जातात. हेतू चांगला होता, स्वातंत्र्याच्या वेळी लहान समाज घाबरलेले होते. 1967 च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांच्या वर मतं स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला गेली होती, हिंदू राज्य येईल या धास्तीने, आणि स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी राजधानी पोर्ट लुईसमध्ये क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांमध्ये दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. तेव्हा अशी काही हमी दिली नसती तर देश एकत्र उभा राहणं कठीण होतं असं मला वाटतं.

अडचण अशी की या जागा वाटायला कुठल्या समाजाचे किती लोक हे माहीत पाहिजे, आणि जनगणनेत समाज विचारणं 1972 नंतर बंद झालं. म्हणून आजही 1972 चे आकडे वापरतात. आणि उमेदवाराला फॉर्मवर आपला समाज लिहावाच लागतो, नाही लिहिला तर अर्ज बाद. आता विचार करा, आई तमिळ, वडील क्रिओल, बायको चिनी कॅथलिक अशा माणसाने त्या रकान्यात काय लिहायचं? रेझिस्तांस एक आल्तरनातिव्ह या छोट्या डाव्या पक्षाच्या लोकांनी लिहायला नकार दिला, अर्ज बाद झाले, कोर्टात गेले, तिथे हरले, मग संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. 2012 मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं की 1972 नंतर आकडेच नाहीत तर हा आग्रह मनमानी ठरतो. 2014 च्या निवडणुकीपुरती घटनादुरुस्ती करून समाज न लिहिण्याची मुभा दिली, पण ती तेवढ्यापुरतीच.

सरकारचं सांस्कृतिक धोरण थोडक्यात सांगा ना.

प्रत्येकाला त्याच्या पूर्वजांची संस्कृती जपायला सरकार पैसे, जागा, सुट्टी आणि शाळेत तास देणार. बस, हेच. तमिळ, तेलुगू, मराठी, इस्लामी, प्रत्येकाचं सांस्कृतिक केंद्र. आफ्रिकन आणि क्रिओल संस्कृतीसाठी नेल्सन मंडेलांच्या नावाचं केंद्र. भाषांसाठी कायद्याने स्थापन केलेल्या स्पीकिंग युनियन, त्यात मराठी स्पीकिंग युनियनपण आहे. मोका इथे भारत-मॉरिशस सहकार्यातून 1970 मध्ये स्थापन झालेली महात्मा गांधी इन्स्टिट्यूट, जिथे मराठीचे शिक्षक तयार होतात. धार्मिक संस्थांना सरकारी अनुदान, तेही डोकी मोजून. सुट्ट्यांमध्ये थायपुसम कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, ख्रिसमस सगळं. शिवाय 1 फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी आणि 2 नोव्हेंबरला गिरमिटिया मजूर आल्याची सुट्टी.

हे तर छानच झालं, मग तक्रार कसली?

छान आहेच, मी नाही म्हणत नाही. मराठीसारख्या लहान भाषेला दूरच्या बेटावर शाळा, टीव्हीवर कार्यक्रम, सरकारी केंद्र मिळणं ही साधी गोष्ट नाही, भारतातल्याच कित्येक राज्यांत आपल्याला एवढं मिळत नाही. तक्रार अशी आहे की हे सगळं धोरण तुमचे पूर्वज कुठून आले या एका प्रश्नावर उभं आहे. ज्याच्याकडे बोट दाखवायला गाव, भाषा, ग्रंथ आहे त्याला सगळं मिळतं. गुलामांच्या वंशजांचं काय? जहाजावर चढवतानाच त्यांचं नाव काढून घेतलं, भाषा तोडली, धर्म बदलला. त्यांना पूर्वजांची भाषा विचारली तर ते क्रिओलच सांगणार, कारण ती त्यांच्याच पणज्यांनी ऊसाच्या मळ्यांत घडवली. आणि नेमकी तीच भाषा कित्येक दशकं सरकारने भाषा म्हणून धरलीच नाही.

दुसरी गोष्ट भोजपुरीची. पूर्वज बोलायचे भोजपुरी, पण शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून शिकवली गेली हिंदी. हिंदीला मान मिळाला आणि घरातली भोजपुरी आजीबरोबर संपत गेली. आपल्याकडेही तसंच, कोकणातून गेलेल्या माणसांची बोली वेगळी होती आणि पोरं वहीत पुणेरी वळणाची प्रमाण मराठी लिहितात. धोरणाने भाषा वाचवली पण बरेचदा त्या लोकांची नव्हे, पुस्तकातली.

नोटांवरून भांडण झालं होतं ते काय?

हे प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर. मॉरिशसच्या नोटेवर रक्कम इंग्रजी, तमिळ आणि देवनागरीत लिहिलेली असते, या क्रमाने. 1998 च्या शेवटी बँक ऑफ मॉरिशसने नव्या नोटा काढल्या त्यात देवनागरी वर गेली आणि तमिळ खाली आली. तमिळ समाज रस्त्यावर उतरला. बाहेरच्याला वाटेल की काय हा हट्ट, एका ओळीचा तर प्रश्न. पण तमिळ लोकांचं म्हणणं होतं की आम्ही फ्रेंचांच्या काळात आलो, उत्तर भारतीयांच्या कितीतरी आधी, तो क्रम म्हणजे आमच्या येण्याची नोंद आहे, आणि संख्या जास्त म्हणून कोणी ती पुसू शकत नाही. शेवटी त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि 1999 मध्ये तमिळ पुन्हा वर असलेल्या नोटा आल्या.

आणि नोटांवरचे चेहरे बघा. 25 च्या नोटेवर चिनी वंशाचे मोयलिन जाँ आ-च्युएन, 50 वर फ्रेंच-मॉरिशियन मॉरिस पातुरो, 100 वर तमिळ रंगनादेन सीनीवासेन, 200 वर मुस्लिम अब्दुल रझाक मोहम्मद, 500 वर हिंदू सुखदेव बिसूनदयाल, 1000 वर क्रिओल नेते गायताँ द्युव्हाल, 2000 वर रामगुलाम. खिशातल्या पाकिटात अख्खा समतोल. दुकानदार सुट्टे देताना कोणाचा चेहरा वर आला हे बघत नाही, पण छापणाऱ्याने ते फार विचार करून ठरवलेलं असतं.

क्रिओल भाषेला सरकारने मान्यता कधी दिली?

फार उशिरा. 1982 मध्ये एम.एम.एम. या डाव्या पक्षाच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या सगळ्या 60 जागा जिंकल्या, त्यांची घोषणाच होती की एकच जनता, एकच राष्ट्र. 1983 च्या स्वातंत्र्यदिनाला सरकारी टीव्हीवर राष्ट्रगीत क्रिओलमध्ये वाजलं आणि एवढा गदारोळ झाला की आधीच कुरबुरी चालू असलेलं ते सरकार त्याच महिन्यात फुटलं. भारतीय वंशाच्या बऱ्याच लोकांना वाटलं की आता आपल्या भाषा जाणार, आणि गंमत नाही, भीती खरी होती. पुढे 1995 मध्ये उलट बाजूने झालं. प्राथमिक परीक्षेच्या क्रमवारीत हिंदी, उर्दू, तमिळ, मराठी वगैरे भाषांचे गुण धरावेत म्हणून तेव्हाचे पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी घटनादुरुस्ती आणली, ती पडली, त्यांनी संसद विसर्जित केली आणि निवडणुकीत मुख्य बेटावरच्या सगळ्या 60 जागा हरले. भाषेने दोनदा सरकारं हलवलीत.

शेवटी 2004 मध्ये क्रिओलच्या लेखनासाठी एक समान पद्धत मांडली गेली, 2011 मध्ये अधिकृत शुद्धलेखन आलं, आणि जानेवारी 2012 पासून प्राथमिक शाळेत क्रिओल हा विषय सुरू झाला. पण कसा? ऐच्छिक विषय म्हणून, हिंदी-तमिळ-मराठीच्या जोडीला, एकाच वेळापत्रकात. म्हणजे मराठी घराच्या मुलाने मराठी घ्यायची किंवा क्रिओल. सगळ्यांची भाषा घेतली आणि तीही एका समाजाची म्हणून रकान्यात बसवली, हे मला पटत नाही.

काया कोण होता?

गायक. जोझेफ रेजिनाल्ड तोपीझ हे त्याचं खरं नाव. तिथलं पारंपरिक सेगा आणि जमैकाचं रेगे मिसळून सेगे नावाचं संगीत त्याने लोकप्रिय केलं, गाण्यात सगळ्या समाजांना एकत्र बोलवायचा. फेब्रुवारी 1999 मध्ये गांजाचा कायदा सैल करा या मागणीसाठी झालेल्या मैफिलीनंतर त्याला पकडलं आणि 21 फेब्रुवारीला तो पोलीस कोठडीत मेला. देशभर काही दिवस जाळपोळ, दंगली झाल्या आणि माणसं मेली. त्याच्या सहा वर्षं आधी, 1993 मध्ये, रोजे सर्व्हो या क्रिओल पाद्रीने या समाजाच्या दुखण्याबद्दल जाहीर बोलून ठेवलं होतं, की आम्ही शिक्षणात मागे, नोकरीत मागे, चर्चमध्येसुद्धा मागे. ऐकलं फारसं कोणी नाही.

म्हणजे तिथे नेहमी दंगे होतात का?

नाही हो, अजिबात नाही. 1968 आणि 1999 हे दोन मोठे अपवाद. रोजच्या जगण्यात लोक एकमेकांच्या सणाला जातात, महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे कावड घेऊन चालणाऱ्यांना वाटेत सगळ्या धर्मांचे लोक पाणी देतात, आणि रस्त्यावरची दालपुरी, म्हणजे वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पातळ पोळी, वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी आणि टोमॅटोची रस्सेदार रुगाय, ही तर कोणत्या समाजाची असा प्रश्नच कोणी विचारत नाही.

मॉरिशस हिंदू देश आहे का?

नाही. 2011 मध्ये हिंदू 48 टक्के होते, राजधर्म असा कुठला नाही. पंतप्रधान मात्र पॉल बेरांजे यांची 2003 ते 2005 ही कारकीर्द सोडली तर हिंदूच झालेत.

युनेस्कोच्या यादीतसुद्धा समतोल साधलाय असं म्हणतात?

बघा तुम्हीच. गिरमिटिया मजूर जिथे उतरायचे तो पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट 2006 मध्ये जागतिक वारसा झाला, पळालेले गुलाम जिथे लपायचे तो ल मॉर्न डोंगर 2008 मध्ये. सेगा 2014 मध्ये, भोजपुरी लग्नातली गीत-गवाई 2016 मध्ये. एकाला एक दिलं की दुसऱ्यालाही. पण मला हे वाईट वाटत नाही. 2009 ते 2011 या काळात सत्य आणि न्याय आयोगाने गुलामगिरी आणि गिरमिट दोन्हींचा एकत्र अभ्यास केला ते तर फारच चांगलं काम होतं, कारण गुलामांचं दुःख मोठं की मजुरांचं असा सामना लावण्यापेक्षा दोघांनाही त्याच मळ्यांनी पिळून काढलं हे एका अहवालात आलं. 2023 मध्ये पोर्ट लुईसला गुलामगिरीचं संग्रहालयही उघडलं.

आमच्या घराण्यातलं कोणी मॉरिशसला गेलं होतं असं ऐकलंय, शोधता येईल का?

महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात मजुरांच्या नोंदवह्या आहेत. त्यात नंबर, जहाजाचं नाव, वय, गाव, बरेचदा जात आणि 1860 च्या दशकापासून पुढच्या अनेकांचे फोटोसुद्धा. अडचण आडनावांची आहे, कारण कारकुनाने माणसाचं एकच नाव लिहिलं आणि तेच पुढे कुटुंबाचं आडनाव झालं, तेही फ्रेंच-इंग्रजी वळणाने लिहिलेलं. म्हणून इथलं आडनाव घेऊन जाऊ नका, गाव आणि साधारण साल घेऊन जा.

तुमच्या मते काय बदलायला हवं?

उमेदवारीच्या फॉर्मवरचा समाजाचा रकाना कायमचा जावा, पण लहान समाजांना जागा मिळतील अशी दुसरी सोय आधी करून मग, कारण मुस्लिम आणि क्रिओल मतदारांची भीती काल्पनिक नाही आणि त्यांच्याकडून हमी काढून घेऊन बदल्यात नुसतं एकतेचं भाषण दिलं तर ते कोणी ऐकणार नाही. क्रिओल सगळ्या मुलांना शिकवावी, मराठी किंवा तमिळच्या बदल्यात नको, त्यांच्यासोबत. मराठी शिकणाऱ्या पोराला झाकरीची गाणी शाळेत शिकवावीत, अर्थासकट, त्याच्या आजोबांच्या बोलीतली. आणि संसदेतही क्रिओल यावी. घटनेच्या कलम 49 प्रमाणे तिथली अधिकृत भाषा इंग्रजी आहे, फ्रेंचमध्ये बोलायची परवानगी आहे, आणि जो आमदार गल्लीत सगळी मतं क्रिओलमध्ये मागतो त्याला सभागृहात त्याच लोकांचं गाऱ्हाणं दुसऱ्या भाषेत मांडावं लागतं. ही मागणी तिथे अनेक वर्षं चालू आहे.